गाडी कोणाच्या हातात होती?

गाडी बंद पडली, की तिच्यात काय बिघडले हा प्रश्न आपल्या घरांत दुसरा असतो. पहिला प्रश्न असतो, ‘चालवत कोण होते?’ दूध उतू गेले, की ओट्यापाशी कोण उभे होते ते आधी पाहायचे. शेगडीची आच मागाहून. याच न्यायाने यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरी एक खटला चालला. फिर्यादी मी, साक्षीदार मी आणि न्यायाधीशही मीच. आरोपी आमची धाकटी कन्या. निकाल कोणत्या बाजूने लागला हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नकोच. पण त्या निकालावर पुढे अपील झाले, ते खोपोलीला चालले आणि त्यात मी सपशेल हरलो. दिवाळीच्या अंकात गोड काही लिहावे, असा संकेत आहे. हरल्याची हकीकत गोड कशी, ते शेवटी पाहू.

गाडी आमची चौदा वर्षांची. लहानशी, पेट्रोलवर चालणारी, आणि आमच्या दारी येण्यापूर्वीच एका घरचे मीठ खाऊन आलेली. धाकटी पुण्याला नोकरीला लागली तेव्हा ती मी तिच्या स्वाधीन केली. ‘स्वाधीन केली’ हे आपले चारचौघांत सांगायचे. प्रत्यक्षात दर शनिवारी गाडी ठाण्याला आली, की मी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून नवा ओरखडा शोधत असे. शनिवारी सकाळी यायचे आणि रविवारी रात्री जेवून परत निघायचे, असा मुलीचा क्रम होता.

जूनअखेर पहिल्यांदा घोटाळा झाला. रविवारची रात्र, धो धो पाऊस. खोपोली मागे टाकून घाट लागला आणि गाडी झटके देऊ लागली. ॲक्सिलरेटर दाबावा, तो इंजिन अधिकच गुदमरे. शेवटी ते बंदच पडले. कडेला थोडा वेळ थांबून किल्ली फिरवली, तेव्हा गाडी सुरू झाली आणि कशीबशी खंडाळ्याला पोचली. जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा कन्येने फोनवर सविस्तर हकीकत सांगितली. “बाबा, सपाटीवर काही होत नाही. चढावरच होतं. आणि काचेवरची वाफ घालवायला पंखा जोरात लावला, की जास्त धापा टाकते.”

मी हसलो. पंख्याचा आणि पेट्रोलचा संबंध काय? “तुझं क्लचवरचं पाऊल उचलत नाहीस तू,” मी म्हणालो.

तरीही कर्तव्य म्हणून मी गाडीची परीक्षा घेतली. एका रविवारी सकाळी पाऊस नव्हता. ठाण्याहून निघालो, पनवेल, चौक करीत खालापूरपर्यंत गेलो, मिसळ खाल्ली आणि परत आलो. गाडीने हूं की चूं केले नाही. मग आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला. तिसऱ्या खेपेला मागची सीट उचलून, पेट्रोलच्या टाकीत बुडवलेल्या पंपाचा प्लग काढून त्याने तारेला मीटर लावला. मीटरने १२.४ व्होल्ट दाखवले. “करंट एकदम बरोबर आहे साहेब, पंपच गेलाय,” असे म्हणून त्याने पंपही नवा घातला. बिल पाहून मला वाटले, आता हिच्यात बिघडायला उरलेच काय?

ऑगस्टमध्ये रात्री साडेअकराला घाटातून फोन आला. गाडी तिसऱ्यांदा बंद पडली होती. मी म्हणालो ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. “घाटात गाडी कशी चालवायची हे तुला किती वेळा शिकवायचं? माझ्या हातात ती एकदाही बंद पडलेली नाही.”

पलीकडून काही उत्तर आले नाही. पावसाचा आवाज तेवढा येत होता.

पुढच्या शनिवारी तिने गाडी आणून दारात लावली, किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाली, “पुढच्या खेपेपासून मी एस.टी.ने येईन.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आले असते. ती एस.टी.ने येऊ लागली. मग एक शनिवार चुकला, मग दोन. गणपतीला दीड दिवस आली आणि आरतीनंतर ऑफिसचे काम काढून बसली. किल्ली खुंटीवर लोंबकळत राहिली. मी दर रविवारी गाडी धुवून पुसून ठेवत होतो.

अखेर नवरात्र संपल्यावर सौभाग्यवतींनी हुकूम सोडला. “तिला दिवाळीला आणायला आपण दोघं गाडी घेऊन जायचं.” शुक्रवारी संध्याकाळी निघालो. पनवेल सोडले आणि परतीच्या पावसाने गाठले. दिवे लावले, वायपर लावले. काचेवर वाफ धरली म्हणून पंखा जोरात लावला. मागचे दिसेना म्हणून मागच्या काचेची तारांची जाळीही तापत ठेवली. खोपोली गावाच्या वरचे पहिले वळण घेतले, चढ लागला आणि गाडीने धाप टाकली. मी ॲक्सिलरेटर दाबला. ती अधिकच गुदमरली. मी गिअर उतरवला. तिने दोन आचके दिले आणि प्राण सोडला.

शेजारी सौभाग्यवती बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

लहानपणीची एक आठवण अशा वेळी नेमकी वर येते. वडिलांबरोबर मे महिन्यात याच घाटातून जाताना गाडी तापून थांबली, की ते बॉनेट उघडत आणि पेट्रोलच्या पंपावर ओला रुमाल गुंडाळत. त्या काळच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पंप इंजिनलाच बसवलेला असे आणि इंजिनच्या फिरण्यावरच चाले. उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ धरली, की पुढचे पेट्रोल अडे. रुमालाने पंप गार झाला की गाडी चाले. मीही पावसात उतरलो, रुमाल भिजवायला कष्ट पडले नाहीत, बॉनेट उघडले आणि तसाच उभा राहिलो. कारण आजच्या गाडीत तेथे पंपच नसतो. आपल्याकडे २००० सालापासून धुराचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि पंप मागे पेट्रोलच्या टाकीत जाऊन बसला. तो विजेवर चालतो आणि साधारण तीन बारच्या, म्हणजे हवेच्या तिप्पट दाबाने पेट्रोल इंजिनकडे ढकलतो. ओला रुमाल हातात धरून मी गाडीच्या पुढल्या भागाकडे पाहत होतो. रोग होता मागच्या भागात. खरे तर तो दोहोंच्या मध्ये होता. पण ते मला पुढे कळायचे होते.

उतारावर गाडी वळवून घेतली आणि हळूहळू खोपोलीत परत आलो. शीळफाट्याच्या अलीकडे, जुन्या हायवेच्या कडेला, एका टपरीवजा दुकानात दिवा दिसला. बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग, आत भिंतीवर तारांची वेटोळी. साठी ओलांडलेले एक मिस्त्री शटर ओढण्याच्या बेतात होते. मी सगळा इतिहास सांगितला. प्लग, फिल्टर, नवा पंप. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारले.

“साहेब, दिवसा कधी बंद पडली?”

“नाही.”

“पावसाशिवाय?”

“नाही.”

“म्हणजे दिवे, वायपर, पंखा चालू असतानाच. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही?”

आले होते. जुलै महिन्यातच आले होते. मी सौभाग्यवतींकडे पाहिले नाही.

मिस्त्रींनी मागची सीट उचलली. पंपाचा प्लग त्यांनी काढला नाही. तो जोडलेलाच ठेवून, इंजिन चालू करून, दिवे, वायपर, पंखा, काचेची जाळी, सगळे लावायला सांगितले. मग मीटर. बॅटरीवर १३.१ व्होल्ट. पंपावर ९.८. मला दोनदा दाखवले. मग सगळे बंद करून पुन्हा मोजले. बॅटरीवर १३.८, पंपावर ११.९.

“पण गॅरेजवाल्याने मोजलं तेव्हा बारा पूर्णांक चार होते!” मी म्हणालो.

“प्लग काढून मोजलं ना? मग येणारच. चाळीत राहिलात कधी?”

राहिलो होतो. गिरगावात, तिसऱ्या मजल्यावर, शेवटची खोली.

“सगळ्यांचे नळ बंद असले, की शेवटच्या नळालासुद्धा पाण्याचा जोर पुरा असतो. नळ उघडा, खालचे चार जण बादल्या लावू द्या, मग बघा तुमच्याकडे करंगळीएवढी धार येते की नाही. तारेचं तसंच. भार नसताना मोजलं तर गंजलेल्या तारेतूनही मीटर पूर्ण बारा दाखवतो. पंप ओढायला लागला, की खरं कळतं. माणूस कामाला लावून पाहावा, तशी तार कामाला लावून मोजावी.”

वाचकहो, मला शाळेत ओहमचा नियम पाठ होता. परीक्षेत त्यावर पूर्ण गुणही मिळाले होते. तो नियम माझ्या बुडाखाली, मागच्या सीटच्या खाली राहत होता हे मात्र मला साठीच्या उंबरठ्यावर कळले. तारेतून जेवढा प्रवाह जास्त आणि तारेचा अडथळा जेवढा मोठा, तेवढा दाब वाटेतच खर्च होतो. पंप पाच-सहा अँपियर ओढतो. वाटेत त्याचे तीन-सव्वातीन व्होल्ट गळत होते. म्हणजे पंधरा-वीस वॅट वीज पेट्रोल ढकलण्याऐवजी तारा आणि सांधे तापवण्यात जात होती. पंपाला दाब कमी मिळाला, की त्याचा वेग उतरतो, आणि तीन बारच्या विरुद्ध तो जे पेट्रोल ढकलतो ते त्याहून अधिक उतरते. सपाटीवर इंजिनला पेट्रोल थोडे लागते, तेव्हा हे खपून जाते. घाटात मागणी वाढते, पुरवठा पुरत नाही, आणि इंजिन उपाशी मरते.

गळती कोठे होते तेही मिस्त्रींनी दोन मिनिटांत शोधले. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे पंपाच्या धन तारेला लावले. २.२ व्होल्ट वाटेत गायब. या वाटेत किल्लीचा स्विच होता, आणि त्याच स्विचमधून वायपरला आणि पंख्यालाही वीज जात होती. चौदा वर्षांत त्याचे आतले टोक झिजून काळे पडले होते. मग मीटर ऋण बाजूला लावला. १.१ व्होल्ट तिकडे गायब. पंपाचे अर्थिंग आणि मागच्या दिव्यांचे अर्थिंग एकाच स्क्रूखाली होते, आणि त्या स्क्रूवर गंज चढला होता. म्हणून दिवे लागले, की पंपाचा घास तुटत होता.

“पंप तुमचा चांगलाच होता. आधीचाही चांगला असणार,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. “पण आत्ता अंधारात पेट्रोलच्या टाकीजवळ मी तारा तोडणार नाही. सकाळी आठला या.”

रात्र खोपोलीच्या एका लॉजवर काढली. सकाळी पाऊस उघडला होता. नाना फडणवीसांनी बांधलेल्या तळ्याकाठी आणि महादेवाच्या देवळात जाऊन आलो. डोंगराकडे पाहिले तर धुके वर चढत होते आणि माथ्यावरून खाली आलेले ते मोठे नळ ओले चकचकत होते. या वाटेने मी शंभरदा गेलो असेन. चहा, वडा आणि पुढचा घाट यांपलीकडे खोपोलीकडे नीट पाहिले नव्हते.

दुकानात तो विषय मीच काढला. मिस्त्रींचे वडील पॉवरहाऊसमध्ये कामाला होते. “तुमच्या गाडीचा जो रोग आहे ना साहेब, त्याच रोगावरचं औषध या गावात शंभर वर्षांपूर्वी तयार झालं,” ते म्हणाले, आणि हातातली तार सोलता सोलता त्यांनी जे सांगितले ते वाचकांपुढे ठेवतो.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशाच्या वाफेवर चालत. सह्याद्रीच्या पावसापासून वीज करून ती मुंबईला न्यावी हे जमशेटजी टाटांचे स्वप्न. ते १९०४ साली वारले. त्यांच्या मुलांनी १९१० साली कंपनी काढली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी साठवायचे, पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून ते नळांतून खोपोलीला सोडायचे आणि त्याच्या माऱ्यावर पेल्टन चक्रे फिरवायची, अशी योजना. १९१५ साली हे वीजघर सुरू झाले. चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेत जाते.

पण खोपोलीला वीज तयार झाली म्हणून परळची गिरणी चालत नाही. मध्ये सुमारे सत्तर किलोमीटरांची तार आहे, आणि तार आपला वाटा खाल्ल्याशिवाय राहत नाही. गंमत अशी, की तार विजेच्या दाबावर जगत नाही, ती प्रवाहावर जगते. दाब दुप्पट केला, की तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह पुरतो. आणि प्रवाह निम्मा झाला, की तारेत जळणारी वीज चौथाईवर येते. म्हणून खोपोलीला विजेचा दाब चढवून लाखभर व्होल्ट केला, बारीक प्रवाहाने ती डोंगर, खाड्या ओलांडून परळला नेली आणि तेथे दाब उतरवून गिरण्यांना दिली. वाटेतल्या तारेला खायला फारसे ठेवलेच नाही.

“मग गाडीत का नाही दाब चढवत?” सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न उत्तम होता. मला सुचला नव्हता.

“जगाने चढवला की थोडा. अमेरिकेतल्या गाड्या पूर्वी सहा व्होल्टवर चालायच्या, १९५० नंतर त्या बारावर आल्या. पण आता बॅटरी बाराची, दिवे बाराचे, पंप बाराचा. दाब चढवता येत नाही, मग तीनच उपाय उरतात. तार जाड करा, वाट सरळ करा, आणि वाटेतले खाणारे सांधे कमी करा. खोपोली ते परळ लाख व्होल्ट, आणि तुमच्या बॉनेटपासून डिकीपर्यंत बारा. म्हणून तुमच्या चौदा फुटांत वाया गेले तेवढे, मोठ्या लायनीत सत्तर किलोमीटरांतसुद्धा शेकड्याच्या हिशेबाने जात नाहीत.”

मग कामाला सुरुवात झाली. त्यात काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण जुन्या गाड्या अनेकांच्या दारी आहेत.

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. गाडीची दारे अर्धा तास उघडी ठेवून पेट्रोलचा वास जाऊ दिला. बॅटरीच्या धन टोकापासून चार चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची नवी तार काढली, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरच तिच्यात पंधरा अँपियरचा फ्यूज बसवला. फ्यूज पंपाजवळ बसवला तर काय बिघडते, असे मी विचारले. “वाटेत तार घासून पत्र्याला लागली तर बॅटरी ते फ्यूज एवढी तार जळणार. म्हणून जळू शकणारी वाट जितकी आखूड तितकं बरं.” तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी बुश घातला, बाकी वाटेवर तिला नालीदार नळीचे कवच दिले आणि गरम होणाऱ्या सायलेन्सरपासून दूर ठेवली.

मागे, सीटजवळ पण टाकीच्या झाकणापासून बाजूला, एक रिले बसवला. रिले म्हणजे विजेवर चालणारा दरवान. त्याला चार टोके असतात. नवी जाड तार तीस क्रमांकाच्या टोकाला आली. सत्याऐंशी क्रमांकाच्या टोकातून पंपाला वीज गेली. आणि पंपाला आजवर वीज देणारी जुनी तार मिस्त्रींनी टाकून दिली नाही. ती रिलेच्या शहाऐंशीला लावली आणि पंच्याऐंशीचे अर्थिंग केले.

“आता हिने ओझं उचलायचं नाही,” ते म्हणाले. “हिने फक्त निरोप द्यायचा. रिलेला निरोपापुरता पाव अँपियरही लागत नाही. तेवढ्याने हिचा दाब काही पडत नाही. आणि निरोपाचा हक्क हिच्याकडेच ठेवायचा बरं का. इंजिन बंद पडलं, गाडी कोठे आपटली, तर गाडीचा संगणक या तारेची वीज तोडतो आणि पंप थांबतो. काही दीडशहाणे पंप सरळ बॅटरीला जोडून देतात. अपघातात इंजिन बंद आणि पंप चालू! पेट्रोल ओतत राहील रस्त्यावर.”

शेवटी पंपाच्या ऋण टोकाला स्वतंत्र जाड तार दिली, गाडीच्या पत्र्यावरचा रंग खरवडून लख्ख धातूवर ती लगने आवळली आणि वर ग्रीस लावले. मागच्या दिव्यांचा गंजलेला स्क्रूही त्यांनी आपण होऊन घासून साफ केला. एक सूचना त्यांनी दोनदा केली, ती मीही करतो. काही नव्या गाड्यांत पंपाचा वेग संगणकच मागणीप्रमाणे कमी-जास्त करतो. तेथे हा उपाय करायचा नसतो. आणि कोठल्याही गाडीत, आधी भार लावून मोजायचे. गळती दिसली तरच तारेला हात घालायचा. हे काम वासावरून पेट्रोल ओळखणाऱ्या जाणत्या हाताकडूनच करून घ्यावे.

इंजिन सुरू केले. दिवे, वायपर, पंखा, जाळी, सगळे लावले. बॅटरीवर १३.१. पंपावर १२.८. आधी सव्वातीन व्होल्ट वाटेत जात होते, आता पावभर. मिस्त्रींनी दुकानाच्या पावतीच्या मागे चारही आकडे ओळीने लिहून दिले. मजुरी आणि सामान मिळून झालेला खर्च, मी गॅरेजात ओतलेल्या पैशांच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नव्हता.

घाट चढताना मी मुद्दाम सगळे चालू ठेवले. कोरड्या काचेवर वायपर करकरत होते. शिंग्रोबाच्या देवळापाशी नेहमीप्रमाणे नाणे टाकले. या घाटाची वाट त्या धनगराने दाखवली, अशी कथा आहे. वाट दाखवणाऱ्याचे ऋण मानावे हे निदान देवळापुरते आपल्याला कळते. गाडी न अडखळता वर आली. सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “पंखा लावला की धाप टाकते, हे तिने जुलैतच सांगितलं होतं.” झाले, अपीलाचा निकाल लागला.

पुण्याला मुलीने दार उघडले. मी वाटेत पुष्कळ वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही आठवेना. मी खिशातून ती पावती काढून तिच्या हातात दिली. तिने आकडे वाचले, उलटून पुन्हा वाचले. मी सगळे सांगितले. किल्लीचा स्विच, गंजलेला स्क्रू, रात्रीचा भार. तू रात्री, पावसात, घाटात गाडी नेत होतीस आणि मी सकाळी, कोरड्या सपाटीवर, मिसळ खायला. आपण दोघे एक गाडी चालवतच नव्हतो.

“म्हणजे माझ्या हाताचा दोष नव्हता,” ती म्हणाली.

“नव्हता.”

“हे मीटर न लावताही म्हणता आलं असतं, बाबा.”

आले असते. याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. मी तिला भार नसताना मोजले होते. तिने किती ओझे ओढले ते पाहिले नव्हते. कारण तिची तक्रार माझ्यापर्यंत पोचेतो तिचा दाब माझ्याच कोठल्या तरी गंजलेल्या स्क्रूवर खर्च होत होता. “चुकलो,” एवढाच शब्द मी काढला. तो म्हणायला घाटाइतकाच चढ लागला.

तिने पावती पर्समध्ये ठेवली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

त्या दिवशी ठाण्यापर्यंत तीच गाडी घेऊन आली. मी मागे बसलो, मिस्त्रींनी नवी तार टाकलेल्या सीटवर, आणि क्लचविषयी एक अक्षर बोललो नाही. रविवारी रात्री जेवून ती एकटी परत निघाली. पनवेलकडे पाऊस असल्याचे कळले होते. आम्ही दोघे टी.व्ही. लावून बसलो होतो. त्यात काय चालले होते ते विचारू नका. अकराच्या सुमारास फोन वाजला. ती खंडाळ्याला चहाला थांबली होती.

“बाबा, घाटात सगळं चालू ठेवलं होतं. दिवे, वायपर, पंखा, मागची जाळी.”

“मग?”

“मग काय? आले वर.”

खुंटी अजून रिकामी आहे. यंदा तिच्यावर आम्ही छोटा आकाशकंदील टांगला आहे.